पाच खिडक्यांचा धनी

मंडळी, आज एक साधंच विचारतो. सोबती कुणाला म्हणावं? जो आपण सांगू तसं वागतो, त्याला? की जो अडवतो, वाद घालतो, वर उशिरा येतो, त्याला? बघा, मागच्या काकू लगेच नवऱ्याकडं बघायला लागल्या! थांबा काकू, आधी गोष्ट तर ऐका!

इचलकरंजीत दिगंबर मगदूम नावाचा मागवाला होता. शेडभर माग खडखडतायत अन् हा एकटा – एकाचा धागा तुटला की तिकडं धाव, दुसऱ्याची सुताची कांडी संपली की इकडं! एका माणसानं जितकं जास्त चालवावं तितकं चांगलं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं.

आणि रविवारी संध्याकाळी काय करायचा? भजनाला यायचा? छे हो! कॉम्प्युटरवर गड जिंकायचा खेळ! त्याला लागतात पाच गडी – कुणी तलवारवाला, कुणी तिरंदाज, एक वैद्य. प्रत्येकानं आपापल्या घरी बसून आपला गडी चालवायचा. मित्रांचं टोळकं होतं. पुढं लग्नं झाली, तिघं गळाले, आपले गडी दिगंबरच्या हवाली करून गेले. उरला वैद्य – शिवलिंग तारदाळे, बालमित्र! पण कसा? ऐन लढाईत म्हणणार, "थांब मर्दा, चहा उतू चाललाय!" दिगंबरचा नुसता संताप!

एक दिवस त्याच्या डोक्यात आलं – पाचही गडी मीच चालवले तर? माग नाही का चालवत! पण प्रत्येक गड्याला पडद्यावर खेळाची वेगळी खिडकी लागते, अन् जुनं मशीन दुसरी खिडकी उघडली की धाप टाकायचं. नवं हवं. आणि मशीनमधलं कळतं कुणाला? शिवलिंगलाच!

दोघं दुकानात गेले. दिगंबर म्हणाला, "शेडच्या हिशेबासाठी पाहिजे रे. पाच-पाच प्रोग्रॅम एकदम चालले पाहिजेत." मंडळी, खोटं बोलला! बालमित्राशी!

"मग रॅम भरपूर घे," शिवलिंग म्हणाला. "अन् कोर जास्त असलेला प्रोसेसर."

काकू, घाबरू नका! रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. कोठी कितीही मोठी असो, ओट्यावर जागा नसेल तर पाच पातेली मांडणार कुठं? आणि कोर म्हणजे शेगड्या. झालं, कळलं!

"थोडं ग्राफिक कार्डही बघ की," दिगंबर हळूच म्हणाला. खेळातली चित्रं पळवायला लागतं ते!

"हिशेबाला कार्ड कशाला, लेका?" शिवलिंग हसला. पण घेतलं. घरी येऊन मशीन स्वतः जोडलं, पंखा मोठा बसवला. बिचारा! स्वतःलाच जागेवरून उठवायची सोय आपल्याच हातानं करत होता!

मागं स्वतःच्या बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत शिवलिंगनं आपला वैद्य सांभाळायला पासवर्ड दिगंबरला दिलेला. रविवार आला. दिगंबरनं पाच खिडक्या उघडल्या. काय झरझर चालल्या! तेवढ्यात फोन.

"दिग्या, मला आत जाता येईना! माझ्या नावानं कुणीतरी बसलंय!"

"मीच आहे," दिगंबर म्हणाला. "तू उशीर करतोस ना... म्हणून पाचही मीच चालवतोय."

मग शिवलिंगनं काय विचारावं, मंडळी? "मशीन तापत नाही ना रे?" एवढंच! आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी गड पडला! कधी नव्हे तो पडला! पाचही गडी बुरुजावर ओळीनं उभे. दिगंबरनं लिहिलं, "जिंकलो रे!" उत्तर कोण देणार? त्यानं वैद्याची खिडकी उघडली आणि स्वतःच स्वतःला लिहिलं, "भारी, मर्दा!"

ते शब्द वाचले आणि दिगंबर ढसाढसा रडला हो! आपण काय करून बसलो, ते तेव्हा उमगलं. फोन लावला. "शिवल्या, चुकलो. पासवर्ड बदलून घे, तुझा गडी तू परत घे. पुढच्या रविवारी ये."

"असू दे तुझ्याकडंच," शिवलिंग म्हणाला, अगदी मायेनं. "मी आता नाही खेळत."

मंडळी, तो भांडला असता तर बरं होतं! भांडणारा परत येतो. हा भांडलाच नाही. अजून वाटेत भेटला की हसतो, "बरं आहे ना?" विचारतो, अन् पुढं जातो. दिगंबर तिथंच उभा राहतो.

तुमच्याही घरात कुणी हळू चालणारं असेल, मधेच टोकणारं असेल. त्याच्यावाचून काम भराभर उरकतं, हे मलाही ठाऊक आहे! पण पांडुरंगापुढं हात जोडाल तेव्हा एवढं मागा – देवा, माझ्याशी वाद घालणारं माणूस माझ्यापाशी राहू दे. आणि आज घरी गेल्यावर ते माणूस वाद घालायला लागलं, तर मंडळी, खाली बसा. ऐकून घ्या.