यादोपंतांनी खरं सांगितलं

मंडळी, आता जरा सरसावून बसा! खांबाला टेकून डोळे मिटलेत ना, त्या आजोबांनाही हलवा — समाधी लागली असेल तर राहू द्या, घोरत असतील तर उठवा! एकच विचारतो. समोरचा माणूस आपल्याला भितोय, हे कळलं की आपण काय करतो? त्याला धीर देतो? की त्याच्या छातीवर बसतो? उत्तराची घाई नको. आधी ऐका!

एक होतं कातळगड, एक होतं बोरनेर. दोन चिमुकली राज्यं, मधे नदी. कातळगडाचे राजे हैबतराव, आणि त्यांचे वकील यादोपंत. वकील म्हणजे कोर्टातले नव्हेत हो! परक्या दरबारात आपल्या राजाचा शब्द घेऊन जायचा, तो वकील. साठीचा माणूस. बोलणं गोड, आणि जिवाला एक घोर — एकुलती एक लेक, कृष्णा, दिली होती बोरनेरला.

एके दिवशी हैबतरावांनी बोलावलं. "पंत, बोरनेरकर तट उंच करतायत. कुणासाठी? जा, बघून या!"

पंत गेले. बोरनेरचे राजे सुभानराव — पंचविशीचे. त्यांनी सगळ्यांना बाहेर घालवलं, दार लोटलं आणि म्हणाले, "पंत, तुमच्या राजांनी पाचशे घोडा नवा उभा केला. माझ्या घशाखाली घास उतरत नाही हो! म्हणून तट. दुसरं काही नाही. पण हे तुमच्यापाशीच ठेवा."

पंतांना हसूच आलं! कारण मंडळी, तो पाचशे घोडा उभा केला कशासाठी? बोरनेरकर तट बांधणार अशी कुणकुण लागली म्हणून! हा त्याला भितोय, तो ह्याला भितोय — आणि दोघंही मिशीला पीळ देतायत!

दुपारी पंत लेकीकडे जेवले. "बाबा, लढाई होणार म्हणतात," कृष्णा म्हणाली.

"वेडी आहेस! दोन शब्द बोललो की मिटलं."

परतले. दरबार भरलेला. "काय पाहिलंत?" पंत घुटमळले — कसं सांगावं? विश्वासानं सांगितलेलं! तेवढ्यात सेनापती खाकरले, "लेक तिकडे आहे ना पंतांची. जीभ जड व्हायचीच!"

हशा पिकला. चाळीस वर्षांची चाकरी — आणि हशा! पंतांची कानशिलं तापली. बोलून गेले, "महाराज, ते चाल करणार नाहीत. ते घाबरलेत! राजाला घास गिळवत नाही. आपण घोडा थोडा मागे घ्या, तटाचं काम आपसूक थांबेल."

खरं बोलले. हिताचं बोलले. पण हैबतरावांनी त्यातला शब्द उचलला एकच — घाबरलेत!

"घाबरलाय? मग हीच वेळ! तट पुरा झाला की तोच आपल्याला घाबरवेल!"

पंतांनी पाय धरले. कोण ऐकतो?

चौथ्या दिवशी बोरनेर पडलं. अर्धवट तटावरून घोडे आत शिरले. कृष्णेचा नवरा वेशीवर उभा होता. तिथंच पडला.

तह लिहायला पुन्हा पंतच. हैबतराव म्हणाले, "लिहा — दर दसऱ्याला सुभानरावांनी अनवाणी यावं आणि भर दरबारात आमचे जोडे उचलावेत."

पंतांचा हात थांबला. "महाराज, मुलूख घ्या, ठाणी घ्या. तेवढं माणूस विसरतो एखादवेळेस. हे नाही विसरायचा! हे लिहिलं की पुढची लढाई ठरलीच."

"लेक बोलतेय वाटतं तुमच्या तोंडून?"

पुन्हा हशा. आणि पंतांनी लिहिलं. लिहिलं हो मंडळी! अक्षर सुंदर होतं म्हणतात.

मग लेकीच्या दारी गेले. कृष्णा उंबऱ्यात उभी. रडली नाही. म्हणाली, "राजानं तुम्हाला एकट्याला सांगितलं होतं, आता गावभर झालंय. गप्प का नाही राहिलात?"

"मला वाटलं, खरं कळलं की ते थांबतील."

"जा बाबा. सासूबाईंना तुमचा आवाज सोसत नाही."

नऊ दसरे सुभानरावांनी जोडे उचलले. दहाव्याला आले ते फौज घेऊन! कातळगड तीन दिवस जळत होतं. पंत खाटेला खिळलेले. शेजारी म्हणाले, "नदी उतरून लेकीकडे नेतो." पंतांनी मान हलवली — नको. धुरातच गेले.

आणि बोरनेरकरांनी नवा तह लिहिला. त्यात काय होतं, ते मी सांगायला हवं का?

तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठले राजे? खरंय. पण टीव्हीवर शेजारचा देश हादरला म्हटलं, की टाळी कोण देतं? हादरलेला माणूस उद्या काय करेल, असं एकानं तरी विचारलं?

तीस वर्षं मी हे आख्यान लावतोय. दर वेळी हैबतराव "हीच वेळ" म्हणाले, की मागच्या रांगेतून कुणीतरी "शाबास!" म्हणतं.

आजही म्हणालं. मी ऐकलंय.

आरती लावा, पेटीवाले. तुम्हीच म्हणा सगळे. मला आज सूर सापडायचा नाही.