आजारी डुकरांचं उष्टं

उकळूनच देते हो डॉक्टर मॅडम, कच्चं नाही — हॉटेलचं उरलंसुरलं आलं की आधी पिंपात रटरट उकळायचं, मग थंड करून कुंडीत. मंगळवारी तुम्हीच सांगितलंत ना — कमळताई, हा विषाणूचा ताप, याला औषध नाही, डुकरं खाणं निम्म्यावर आणतील, तर जेवढं तोंडात जाईल तेवढ्यात ताकद पाहिजे, नाहीतर वाढ खुंटेल? तस्संच केलं. हॉटेलचा भात बंद, पाव बंद. सोयापेंड वाढवली, आणि मी मरोळच्या बाजारात सुकट विकते ना, तिचा चुरा तीन पाण्यांत धुवून, वाटून घातला — मीठ डुकराला बाधतं, एवढं कळतं मला. ढीग नाही घालत, दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं, कोमट, वरून गुळाचं पाणी. माझ्या लेकीच्या, दिशाच्या बाळंतपणात एवढं केलं नव्हतं, खरंच सांगते. — हो, एक गेलं. काल सकाळी. पुरलं, चुना टाकून. तेव्हापासून घाबरलेय हो मी, लपवू कशाला?

किती खातात? ही सहा आजारी ना, दोन घास घेतात नि तोंड फिरवतात. अर्ध्याच्या वर तसंच. — उरलेलं? उरलेलं म्हणजे — टाकवतं का मॅडम, एवढं सकस? नाही नाही, माझ्या त्या चांगल्या डुकरांना नाही घातलं, तसं नका लिहू! त्यांची कुंडी वेगळी, बालदी वेगळी, सगळं तुम्ही सांगितलं तसं. माझ्या शेडमध्ये एक घास इकडचा तिकडे नाही. — असं का बघताय? — बरं, एकदा. परवा. एकदाच. आणि ते माझ्या शेडमध्ये नाही.

ती निळी ताडपत्री दिसते ना? ती मालनची शेड, माझी धाकटी जाऊ. तीन वर्षं तोंड बघत नव्हतो आम्ही एकमेकींचं, आत्ता गणपतीत कुठे बोलायला लागली. माझी डुकरं पडली हे कळल्यावर तिनं आपणहून बालदीभर कोंडा पाठवला — मालननं! मग बालदी परत द्यायची तर रिकामी देऊ? आपल्यात देतात का कुणी भांडं रिकामं? घरी काय होतं माझ्या — काही नाही. आणि समोर ते, सोयापेंड, सुकट, गूळ, वास कसा झकास. वरवरचंच काढलं हो, तळाचं नाही. — सारखंच? वरचं काय, तळाचं काय — हो. तोंड तर त्यांनी घातलंच होतं. लाळ पडलीच असणार. हे मला परवा का नाही सुचलं? माझ्याच कुंड्या तेवढ्या वेगळ्या करत बसले, वाट लागली डोक्याची!

काल तिनं हाक मारून सांगितलं — जाऊबाई, काय घातलंत त्यात, माझ्या डुकरिणीनं बालदी चाटून साफ केली. आणि मी हसले, मॅडम. बरं वाटलं मला. डुकरीण गाभण आहे तिची, आठ दिवसांवर आलीय, बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. गाभणीला लागलं तर पिल्लं आतच जातात, म्हणाला होतात ना तुम्ही? — मान नका हलवू, तोंडानं सांगा — नको, नकाच सांगू.

हे बघा, कुणाला फोन करताय? थांबा ना. तिला सांगू नका मी दिलं म्हणून, हवेतून आलं म्हणा, माशांनी आणलं म्हणा — ती परत कधी बोलायची नाही हो माझ्याशी. — कळतंय मला. डुकरीण आजच वेगळी बांधायला हवी. कळतंय. मग मीच जाते, मीच सांगते — का नाही जायचं? रोग माझ्या पायाला लागून जाईल? म्हणजे मी तिच्या दारातही उभी राहायची नाही? मग काय, इथून ओरडू, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं?

सरका. सरका जरा.

मालन! ए मालन! बाहेर ये गं — परवा मी दिलं ना, ते माझ्या आजारी डुकरांचं उष्टं होतं! उष्टं! तुझी डुकरीण वेगळी बांध, आत्ताच्या आत्ता — काय? — अगं कानामागे हात काय धरतेस, तिथूनच ऐक! — मॅडम, तिला ऐकू नाही गेलं. हसत हसत इकडेच येतेय — अगं नको, तिथंच थांब, मालन, पुढे नको येऊस, तुला माझ्या गळ्याची शपथ —