तळाशी ठेवलेलं पुस्तक

पूर्णा स्टेशनात परभणीच्या गाडीची वाट बघत कस्तुराबाई बाकावर टेकली. शेजारी गावच्या वाचनालयाचे सांबप्पा मांडीवर पुस्तकांचं गाठोडं घेऊन बसले होते आणि त्यांचे दोस्त बन्सीधर त्यांना खोदून खोदून विचारत होते.

“हैदराबाद सरकारची मदत बंद कशापायी झाली, अप्पा?”

“तपासणीचे सायब येणार म्हनून आमी फाटकी पुस्तकं कोठीत लपवली. कोरी तेवढी कपाटात मांडली.”

“मग?”

“सायबानं लिवलं, हितं कोनी वाचतच न्हाई.”

“बरोबरच लिवलं की.”

“हसा. आता फाटकीच दाखवाया न्यायलोय, दरखास्तीसंगं.”

“मग त्यातली बरी बरी वर कशाला ठिवली?”

“लाज वाटती हो.”

“अन् हे तळाचं? कडांना हळदीची बोटं दिसायलीत.”

“आमच्या मल्लम्माची. फोडणी टाकता टाकता वाचती.”

“वैनी कोनत्या शाळंत शिकल्या?”

“कोनत्याच न्हाई. वाचनालयातच शिकली, चार वर्सांत.”

“अन् तेच तुमी तळाशी दडवलं?”

सांबप्पांनी गाठोडं सोडायला घेतलं. कस्तुराबाई सरकली, आणि पुस्तकं नव्यानं लावायला बाकावर जागा झाली.