ॲसिडच्या टाकीचा बोर्ड

डिझाइनचं काम म्हणजे एसीत बसून माऊस फिरवायचा, असं म्हणता ना तुम्ही? मग ऐका. आमच्या अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या शेठने मला ॲसिडच्या टाकीवर लावायचा धोक्याचा बोर्ड करायला सांगितला. त्यावर काय हवं? वर गणपती, मधे शेठचा हात जोडलेला फोटो, बाजूला दोन्ही मुलं आणि एकदम खाली बारीक अक्षरात 'सावधान'.

मी म्हटलं, "शेठ, हा वाढदिवसाचा बॅनर नाहीये."

"अरे, कंपनी आपली है, मालक तर दिसला पाहिजे ना!"

डोकंच फिरलं माझं. आठ वर्षं बॅनरवर भाऊ-दादांचे चेहरे गोरे करत आलोय मी, पण इथे माणसं भाजतील! भांडभांड भांडलो आणि सगळे चेहरे उडवले. पिवळ्या बोर्डावर मोठी कवटी, खाली ॲसिडने जळणारा हात, बस्स.

महिन्याभराने तिथे गेलो, तर झाडू मारणाऱ्या मावशी म्हणाल्या, "मला वाचता येत नाय दादा. आधी त्या टाकीलाच टेकून डबा खायची मी. तो हात बघितला आणि जागा बदलली."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं, आपण काहीतरी कामाचं केलं. तेवढ्यात शेठ आले. "बघितलंस? सगळ्यांची नजर जाते बोर्डावर! आता तरी माझा फोटो टाक."

मी म्हटलं, "टाकतो की शेठ. कवटी काढतो आणि तिथेच बसवतो. अर्थ तोच राहील."