मामा-मामींच्या वाटणीतला फ्रीज

अरे, आमच्या मामा-मामींनी पस्तीस वर्षांच्या संसारानंतर काडीमोड घ्यायचं ठरवलं, तेव्हा वाटणीला वकिलांकडं मीच त्यांना घेऊन गेलो होतो. भवानी पेठेतलं घर मामांना, वैरागचं शेत मामीला, इथवर दोघंही एकमेकांकडं न बघता हो म्हणाले. मग फ्रीजचा विषय निघाला. तो मामीनं शिलाईच्या कमाईतून घेतलेला.

मामा म्हणाले, "तिचाच हाय, तिलाच द्या."

मामी उसळली, "आन् तुमचं इन्शुलिन कुटं ठेवणार? माठात? फ्रीज घरातच राहू द्या!"

वकिलांना हसू आलं. म्हणाले, "काकू, एवढी काळजी आहे, तर वेगळं कशाला होताय?"

मामी म्हणाली, "सायेब, मला काडीमोड पायजे, ह्यांचा जीव न्हाय."