ऑर्कुटवरची वाकळ

कळंब्याच्या थांब्यावर बसच्या रांगेत अस्मिताच्या पुढं दोघी उभ्या होत्या. शिलाईचं दुकान चालवणारी रूपाली आणि तिची सासू शेवंताबाई.

"आत्ती, ऑर्कुटवर मी रोज एका देखण्या ब्लाऊजचा फोटो निवडून टाकतोय."

"दुसऱ्यानं शिवल्यालं? मग आपल्याकडं कोन यील?"

"येत्यात की! काल एक बाई आली. म्हणाली, तुमची निवड झ्याक हाय, आता तुम्हीच शिवा."

"ज्यांचं टाकतीस, ती भांडत न्हाईत?"

"खाली त्यांचं नाव असतंय. बेळगावच्या एका बाईंनी उलट आभार मानलं."

"मग माझी जुन्या लुगड्यांची वाकळ टाक की. जलमभर शिवल्या, पन कुनाच्या हातच्या, कुनी इचारलं न्हाई."

"आजच टाकतो. खाली शेवंताबाई लिहू?"

"नुसतं नगं, सगळं लिव."

बस आली. पायरीवर पाय ठेवत सासूबाईंनी अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "शेवंताबाई गणपती कांबळे!"