फोटो एक, नोंदी दोन

मी, खाली सही करणारा, वय ४४, धंदा सोफे व गाद्या शिवणे, राहणार दुकानाच्याच मागच्या दोन खोल्यांत, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो, ते असे.

घरात मी, आई, बायको आणि धाकटा भाऊ. भाऊ लहानपणापासून बोलायला कमी, म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणतात. आमच्या कामात कापड ठोकताना बारीक खिळे ओठांत धरावे लागतात. घुम्याच्या तोंडात खिळे नसले तरी असल्यासारखेच वाटत. गिऱ्हाइके विचारायची, "ह्याच्या तोंडाची किल्ली कुणाकडे असते?" तो नुसता हसायचा. खिळ्यांमुळे त्याच्या खालच्या ओठावर मधोमध व्रण आहे. ही खूण मी पहिल्या तक्रारीतही सांगितली होती.

गेल्या हिवाळ्यात तो शेजारच्या शहरात खुर्च्यांच्या गाद्या पोचवायला गेला. गाद्या पोचल्या, तो परत आला नाही. फोन दुकानातच चार्जिंगला राहिला होता. मी याच ठाण्यात तो हरवल्याची तक्रार दिली आणि सोबत त्याचा फोटो दिला. फोटो संगणकात घेऊन मला परत करण्यात आला. फोटोत त्याने लाल-पिवळ्या चौकड्यांचा शर्ट घातला आहे. घरून निघताना मात्र त्याच्या अंगात कामाचा निळा शर्ट होता.

काल ठाण्यातून फोन आला की अनोळखी इसमांच्या नोंदींत तुमच्या भावासारखा फोटो सापडला आहे, ओळख पटवायला या. आई घरी थांबायला तयार होईना, म्हणून तिला घेऊन आलो. संगणकावर बसणाऱ्या ताईंनी फोटो दाखवला. तो पोस्टाच्या तिकिटाएवढा होता. आई म्हणाली, "हाच. हा घुम्याच." मी विचारले, "कुठे आहे तो?" ताईंनी पडद्यावर आणखी एक नोंद उघडली. मग म्हणाल्या, "दादा, हा फोटो दोन नोंदींवर आहे."

दोन्ही नोंदी शेजारच्या शहरातल्या रुग्णालयाच्या आहेत आणि घुम्या गेला त्याच आठवड्यातल्या आहेत. पहिल्या नोंदीतला इसम रस्त्यावरच्या अपघातात सापडला, बरा झाला, त्याला निवाऱ्यात पाठवले आणि तिथून तो न सांगता निघून गेला. दुसऱ्या नोंदीतला इसम रुग्णालयातच वारला. कोणी न्यायला आले नाही, म्हणून रुग्णालयानेच त्याचे अंत्यविधी उरकले.

मी म्हणालो, "एकच माणूस बरा होऊन निघूनही गेला आणि वारलाही, असं कसं होईल?" ताई म्हणाल्या, "माणसं दोन आहेत. फोटो एक आहे."

त्यांनी समजावून सांगितले ते माझ्या शब्दांत सांगतो. बाहेरच्या रुग्णालयांचे आणि निवाऱ्यांचे डेटाबेस इथल्या संगणकात आणले, तेव्हा जागा पुरेना. वरून आदेश आला की आकार कमी करा. म्हणून सगळे फोटो बारीक केले. वर्णन ठरावीक अक्षरांपुढे तोडले. आणि जे फोटो सारखे दिसले त्यांतला सगळ्यात स्पष्ट तेवढा ठेवून बाकीचे पुसले, त्या नोंदींनाही तोच जोडला. मी विचारले, "सारखे आहेत हे कुणी ठरवलं?" त्या म्हणाल्या, "प्रोग्रामने. इतके लहान केल्यावर बरेच चेहरे सारखे दिसतात, दादा." त्यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. आईला पाणी त्यांनीच आणून दिले.

मी म्हणालो, मोठा करून दाखवा. त्यांनी केला. नाक, डोळे, ओठ, सगळ्यांचे चौकोन झाले. व्रण शोधायचा तर ओठच सापडेना. गळ्याखालीही चौकोन होते. आधी मला वाटले, मोठा केल्यामुळे झालेले आहेत. मग लक्षात आले की ते शर्टाचे आहेत. लाल आणि पिवळे.

मी तिथूनच बायकोला फोन केला. ती म्हणाली, "आहे की शर्ट. इस्त्री करून कपाटात ठेवलाय. का हो, सापडले का भाऊजी?" मी फोन ठेवला. म्हणजे हा रुग्णालयाने काढलेला फोटो नव्हे. तो मीच तक्रारीसोबत दिलेला फोटो आहे. तिन्हींत आमचा स्पष्ट निघाला, म्हणून आमचा राहिला आणि त्या दोघांचे गेले. ठाण्याच्या साहेबांनी माझ्यासमोर रुग्णालयात फोन लावला. तिकडून सांगितले की सगळे तुमच्याकडे दिल्यावर आम्ही आमच्याकडचे काढून टाकले.

मग ताईंनी वर्णनाचा रकाना वाचला. वारलेल्या इसमाच्या नोंदीत "व्रण, खालच्या" इथे मजकूर तुटला आहे. आई म्हणाली, "ओठावर." ताई म्हणाल्या, "आजी, पापणीवरही असेल, जबड्यावरही असेल." निघून गेलेल्या इसमाच्या नोंदीत "फारसे बोल" एवढेच आहे. आईने ते ताईंना पुन्हा वाचायला लावले.

आईला मी हळूच सांगितले की हा फोटो आपणच दिलेला आहे. ती म्हणाली, "असू दे. चेहरा तर त्याचाच आहे ना." राग आला होता, पण तो कोणावर काढायचा हेच कळत नव्हते.

साहेब म्हणाले की दुसऱ्या नोंदीवर ओळख पटली असे लिहून सही केली तर तपास बंद करता येईल, तुम्हीही किती दिवस टांगणीला राहणार. ते चांगल्या मनानेच बोलले. आईने विचारले, "साहेब, पहिल्या नोंदीवर सही केली तर तो येईल का?" साहेबांनी पेन खाली ठेवले.

मला एवढेच सांगायचे आहे की त्या दोघांपैकी निदान एक तरी दुसऱ्या कोणाच्या घरचा आहे. त्याची माणसे इथे शोधायला आली, तर त्यांना माझ्या भावाचा चेहरा दिसेल आणि ती परत जातील. कदाचित येऊन गेलीही असतील. म्हणून हा फोटो दोन्ही नोंदींवरून काढावा, असे मी साहेबांना म्हणालो. आई म्हणाली, "काढू नका. राहू दे तिथे. काढलात तर तो कुठेच नाही." माझी विनंती मी मागे घेतो की नाही, हे मला आज सांगता येत नाही.

हा जबाब मला व आईला वाचून दाखवला. शेवटी "ओळख पटली" असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले. तिथे "ओळख पटली नाही" असे लिहिले, ते आईने खोडायला लावले. ती ओळ रिकामी सोडली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिलेले आहे.